दोन बोटं मागे सारलेली टोपी

माझ्या थोरल्या मामाने मला फसवलं, आणि त्याच्या शब्दावर मी माझ्या सासऱ्याला फसवलं. यातलं दुसरं मी सासऱ्याच्याच अंगणात उभं राहून कबूल केलं. पहिलं अजून कोणी कबूल केलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

प्रकरण डोक्यावरच्या केसांचं आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

मी बैलांचा दलाल. आमच्या घरात हा धंदा नव्हता. वडील मी लहान असतानाच गेले. मी दुसऱ्यांची जनावरं हाकत एका बाजारातून दुसऱ्या बाजारात पायी जायचो आणि जाणती माणसं बोलायची ते ऐकून शिकायचो. विसाव्या वर्षी स्वतःच्या तोंडाने भाव बोलायला लागलो. पंचविशीच्या आत कारंज्यापासून अनसिंगपर्यंतचे शेतकरी जोडी घ्यायची तर मला निरोप पाठवायला लागले. हे मला कोणी दिलेलं नव्हतं. ते मिळालं होतं एका गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे माझी बोली.

बोली म्हणजे काय ते सांगतो. बैल विकताना विकणारा चार माणसांत उभा राहून बोलतो, की हा बैल जुवात बसणार नाही, माणसाच्या अंगावर जाणार नाही, पावसाळ्यात लंगडणार नाही. त्यातलं एक जरी खोटं निघालं तरी घेणारा दावं धरून बैल परत आणतो आणि विकणाऱ्याने मुकाट्याने घ्यायचा. कागद नाही, अंगठा नाही. ज्याची बोली खोटी निघाली त्याच्याजवळ पुढच्या बाजारात कोणी थांबत नाही. माझी बोली तोवर एकदाही खोटी निघाली नव्हती. याचं कारण मी साधू होतो असं नाही. जनावराचे दात, खूर, खांदा, शेपटीखालचा भाग, सगळं स्वतः पाहिल्याशिवाय मी तोंडच उघडत नव्हतो.

पन्नास साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांचा होतो. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली न्हाव्यासमोर बसलो होतो. त्याने आरसा माझ्या हातात दिला आणि उगाच बोलावं तसं बोलला, "दलाल, कपाळ मोठं होऊन राह्यलं. मोठे मानूस होता तुमी." मी हसलो. घरी आलो आणि भुवईपासून केसांपर्यंत बोटं लावून पाहिली. चार बोटं आणि वर थोडं. बैलाचा खांदा मी बोटांनीच मोजायचो, त्यामुळे माझी बोटं चुकायची नाहीत.

त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. बाजाराला निघण्याआधी बोटं लावायचो, बाजारातून आलो की परत लावायचो. दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे चालले होते आणि टाळूवर हात फिरवला की कातडी लागायची. पूर्वी मी उघड्या डोक्याने, तेल लावून भांग पाडून हिंडायचो. आता पांढरी टोपी घातली. लोक म्हणाले, पोरगा सुधारला. टोपी काढून आत पाहायचो तर पाच-सहा केस चिकटलेले. मोजू नये म्हटलं तरी मोजायचो. बोलता बोलता हात टोपीकडे जायचा आणि समोरच्याला वाटायचं, हा भावावर नाराज आहे. एक-दोनदा त्याचा फायदाही झाला, ते सोडा.

चार बोटांची साडेचार झाली, साडेचारांची पाच झाली. याच काळात माझं लग्न निघालं.

मुलगी अनसिंगजवळच्या एका खेड्यातली. तिचा बाप घरचं खाऊन-पिऊन सुखी असलेला शेतकरी होता, बोलायला आखडू पण नजरेचा पक्का. त्याने माझ्याकडून एक जोडी घेतली होती, ती त्याला लाभली होती. त्या जोडीवरूनच मी त्याच्या मनात भरलो होतो. मुलगी सातवी शिकलेली. मी पाहायला गेलो तेव्हा तिने चहाची बशी ठेवताना एकदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, ही माणूस तोलते. मला ती फार आवडली, हेही लिहून टाकतो. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

चहा झाला. तिचा बाप म्हणाला, "टोपी काढा जरा."

सोबत आलेला माझा चुलता चमकला. "काहून बाप्पा?"

"काहून म्हंजे? यायनं माह्या बैलाचं तोंड उघडून दाखोलं होतं. आता मी यायचं डोस्कं पाह्यतो. त्यात राग कायचा?"

अंगणात बसलेली माणसं हसली. मी तापट माणूस, दुसरा कोणी असं म्हणाला असता तर मी उठून चालता झालो असतो. पण मी टोपी काढली. तो उठला, माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि परत बसला.

"हे इथंच थांबते का फुडं जाते?"

मी टोपी हातात फिरवत राहिलो.

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "राग नोका मानू. माही मोठी पोरगी म्या दुजवराले देली. मानूस चांगला हाय, पन तिच्यापरिस अठरा वर्सांनं मोठा. ती माहेरी आली का गावच्या बाया इचारते, सासऱ्यासंग आली का? ती हसते, मंग घरात येऊन रडते. म्या शपथ घेतली, धाकटीचा नवरा तिच्या जोडीचा दिसला पाह्यजे. दिसला पाह्यजे, समजलं का? मले पैसा नाई पाह्यजे, वावर नाई पाह्यजे. मले बोली पाह्यजे."

"आठ दिवसांनं सांगतो," मी म्हणालो.

तेव्हाच मी 'थांबते' म्हणून टाकलं असतं तर कोणी माझं काय करणार होतं? पण न पाहता बोली द्यायची सवय नव्हती. घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "तुह्या बापाचे केस तर मरेस्तोवर घोंगड्यासारखे होते. केस मामाकडून येते बा. तुह्या मामाले जाऊन इचार." गावात ज्याला त्याला विचारलं तर सगळे हेच म्हणाले. आता मला माहीत आहे की बापाकडूनही येतात. तेव्हा नव्हतं.

आईला मी असंही विचारलं, की आजोबांना केस होते का? ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "बाबाले म्या पागोट्याबिगर कवा पाह्यलंच नाई."

मामाचं गाव शिरपूरपासून दोन कोसांवर. मोटारीने शिरपूरला उतरलो आणि पायी गेलो. आजोबा ओट्यावर बसले होते, डोक्यावर लाल पागोटं. थोरला मामा त्यांच्याशेजारी सुपारी कातरत होता, डोक्यावर टोपी. मामा तेव्हा पंचेचाळीसचा होता. त्याची दोन मुलं लग्नाची होती, एकाची बोलणी त्याच महिन्यात चालू होती. ही गोष्ट मला माहीत होती, पण मी तिचा संबंध माझ्या प्रश्नाशी लावला नाही. धंद्यात असा संबंध लावायला मला पळभरही लागत नाही.

मी सगळं सांगितलं. मामा खो खो हसला.

"एवढ्यासाठी आला? थांबते रे! आपल्या घरी तिशीत थांबते. मले तुह्यासारखंच झालतं, बाविसाव्या वर्सी. लय भेलो मी. तिशी लागली, थांबलं. हे पाय."

आणि त्याने टोपी दोन बोटं मागे सारली. कपाळाच्या मध्यावर तेल लावलेले काळे केस होते, चांगले दाट. "पंधरा वर्सं झाले. एक केस हालला नाई."

मी पाहिलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मागचं पाहावं असं एकदा मनात आलं, खरंच आलं. पण आमच्याकडे वडीलधाऱ्याला टोपी काढा म्हणता येत नाही. घरात मौत झाली की मोठ्या माणसाचं डोकं उघडं होतं, एरवी नाही. पंच्याहत्तरीचे आजोबा शेजारी बसलेले असताना मी मामाला डोकं उघडं कर म्हटलं असतं, तर म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहतो असं झालं असतं. मुलगी पाहायला आलेल्या तरुणाची गोष्ट वेगळी, घरच्या कर्त्या माणसाची वेगळी. मी गप्प बसलो. ज्या माणसाने आयुष्यात एकही बैल शेपटी उचलल्याशिवाय घेतला नाही, तो एका टोपीपुढे गप्प बसला.

निघताना पारावर त्यांच्या गावचा न्हावी बसला होता. "भाचेबुवा, दाढी करून जा," म्हणाला. तीन पिढ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. मला मोटार गाठायची होती. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

आठव्या दिवशी मी त्या अंगणात चार माणसांत उभा राहिलो. "आमच्या घरी तिशीत थांबते. मी मामाचं डोस्कं पाहून आलो."

"पाहून आले?"

"पाहून आलो."

"बोली समजू?"

"बोली समजा."

त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, बोटं दाबून गुपचूप भाव करताना टाकतात तसं आम्हा दोघांच्या हातांवर टाकलं, आणि खालून माझा हात दाबला. भाव काही करायचा नव्हता. पण तो हात अजून जाणवतो.

लग्न झालं. बायकोने पहिल्या महिन्यातच माझं डोकं ताब्यात घेतलं. माक्याचा रस, जास्वंदीची फुलं कढवलेलं तेल, कांदा. कांद्याच्या वासाने बाजारात माझ्याजवळ माणसं नाक धरून भाव करायची. ती म्हणायची, "अहो, हालू नोका, अर्धं तेल कानात चाललं." मी म्हणायचो, जाऊ दे, कानावरचे केस तरी वाढतीन.

आणि ते थांबलं. हे मी खोटं लिहीत नाही. साडेपाच बोटांवर थांबलं ते दोन वर्षं थांबलं. रोज बोटं लावत होतो, साडेपाच म्हणजे साडेपाच. टोपीत केस नाहीत. मला वाटलं मामा देवमाणूस आहे. दिवाळीला सासरी गेलो आणि कोणी न म्हणता अंगणात टोपी काढून बसलो. सासऱ्याने पाहिलं आणि मान डोलावली. त्या वर्षी त्याने गावातल्या तीन घरांना जोड्या माझ्या हातून घ्यायला लावल्या.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात परत सुरू झालं. आधी वाटलं घामाने, मग वाटलं कांद्याने. सहा बोटं झाली. टाळूवरचं टकलाचं चकांदळ वाढत पुढच्या मोकळ्या जागेला मिळायला निघालं. मी बायकोवर ओरडायला लागलो, तेल गरम का, तेल गार का. तिने एक दिवस वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी केस लावाले आली नाई या घरी, नांदाले आली." आणि त्या दिवसापासून तेल बंद.

मी अठ्ठावीसचा होतो तेव्हा आजोबा गेले. मला निरोप मिळाला, मी पोचलो तेव्हा अंगणात त्यांना आंघोळ घालत होते. पागोटं खुंटीवर होतं. आजोबांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. कानांच्या वर एक पांढरी रेघ, बाकी सगळं घासलेल्या तांब्यासारखं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं असायचंच. मग मामाकडे पाहिलं. बापाला खांदा द्यायचा म्हणून त्याची टोपी उतरली होती. पुढे कपाळावर तोच काळा झुपका, चार बोटं लांब, तीन बोटं रुंद. आणि त्याच्यामागे मानेपर्यंत काही नाही. धाकट्या मामाचंही तेच, फक्त झुपकासुद्धा नाही.

आजोबा गेल्याचं दुःख मला झालं नाही असं नाही. पण स्मशानाच्या वाटेवर मी मामाच्या मागे चालत होतो आणि सगळी वाट मला ते डोकंच दिसत होतं.

दहाव्या दिवशी ओढ्यावर न्हावी मुंडणाला बसला. मी मुलीचा मुलगा, मला ते लागू नव्हतं. तरी मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्याने पाणी लावलं.

"एक सांग. या घरी हे थांबते का नाई?"

तो माझं डोकं दोन्ही हातांनी वळवून पाहत होता. "थांबते ना भाचेबुवा. दोन-दोन, चार-चार वर्सं थांबते. मानूस खुश होते. मंग परत चालते."

"म्हंजे थांबत नाई."

"कोनाचं थांबते. ज्याचे चाळिशीत जाऊ लागले, त्याचे सावकाश जाते. कोना-कोनाचे तर अर्धे जाऊन तेवढेच राह्यते मरेस्तोवर. म्या पाह्यले तसे. पन ज्याचे विशीत लागले, त्याचे नाई थांबत. तुमच्या आज्याचे कवा थांबले सांगू? काहीच राह्यलं नाई, तवा थांबले."

"आन मामाचे?"

त्याने वस्तरा पुसला. "त्यायचा तो झुपका हट्टी हाय. दहा वर्सं झाले मी वाट पाहून राह्यलो."

मी तसाच उठलो, अर्धं डोकं झालेलं, पाणी गळत असलेलं. मामा पिंडाजवळून येत होता. भोवती भाऊबंद होते. जागा नव्हती, वेळ नव्हती, मला कळत होतं.

"मामा, टोपी मांगं सारून दाखोली. फुडं काहून नाई सारली?"

तो थबकला. मग माझ्याइतक्याच शांतपणे, म्हणजे अजिबात शांत नाही, म्हणाला, "तू समोर बसून इचारलं. म्या समोरचं दाखोलं."

"तिशीत थांबते म्हनला तुमी!"

"झुपका थांबला ना?"

कोणीतरी हसलं. दहाव्याला ओढ्यावर माणसं हसली, माझ्यावर.

"म्या चार मानसांत बोली देली तुमच्या शब्दावर!"

"तू बैलाचा दलाल हाय. मांगून पाह्याले मी नाई म्हनलो होतो काय तुले? काहून नाई पाह्यलं?" मग जवळ येऊन हळू म्हणाला, "त्या महिन्यात माह्या पोराची सोयरीक होती. तुले खरं सांगितलं असतं तर ते चार गावं फिरलं असतं. आन तुहं नुकसान काय झालं? लगन झालं ना? बायको नांदते ना? तुले केस पाह्यजे होते का बायको?"

मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊबंदांनी मला धरून बाजूला नेलं. उरलेलं अर्धं डोकं न्हाव्याने नंतर केलं.

माझं नुकसान काय झालं ते मामाला सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अनसिंगच्या बाजारात गेलो होतो. मणियाराच्या दुकानात बायको बांगड्या भरायला बसली. मुंडण झालेले केस परत यायचे तिथे आले होते, म्हणजे फक्त कडेकडेने, आणि उन्हामुळे मी टोपीने वारा घेत उभा होतो. मणियार भला माणूस, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा. तिला म्हणाला, "बेटी, हात ढीला छोड. चाचा, तुम भी बैठो, धूप में कब तक खडे रहोगे." मी तिशीचाही नव्हतो. मी वाट पाहिली, ती हसून काहीतरी सांगेल. तिने काही सांगितलं नाही. हात ढिला सोडला आणि बांगड्या भरून घेतल्या. परत येताना मी विचारलं, "सांगितलं काहून नाई?" ती म्हणाली, "किती जनाले सांगू?"

म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्याकडे गेलो. तो गोठ्यात होता, बाहेर आला. मी अंगणात टोपी काढली. त्याने बोली विचारण्याआधी मीच बोललो, की मामाने पुढचं दाखवलं, मागचं मी पाहिलं नाही, माझी बोली खोटी निघाली.

त्याने माझ्या डोक्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"जावईबापू, पाहून आलो म्हनले होते तुमी."

"हो."

"केसाचं सोडा. केस कोनाच्या हातात हाय? पन न पाह्यता पाह्यलं म्हनले." एवढं बोलून त्याने पाण्याचा तांब्या मागवला, मला जेवायला बसवलं, हातात वाटी धरून तूप वाढलं. जावयाचा मान रेघभर कमी केला नाही.

पेरणीच्या आधी त्याने नवी जोडी घेतली, दुसऱ्या दलालाकडून. मला ते बाजारात कळलं, परक्या माणसाकडून. त्याच्या गावची ती तीन घरंही त्याच्यामागे गेली. त्यांनी मला टाळलं नाही, रामराम केला, बिडी दिली. फक्त बैल दाखवायला बोलावलं नाही, परत कधीच नाही. सासरा मरेपर्यंत माझ्याशी बैलांविषयी एक शब्द बोलला नाही. पाऊस, मुलं, माझ्या आईचं दुखणं, सगळं बोलला.

माझे केस पस्तिशीला संपले. त्यानंतर मला शांत झोप लागायला लागली हे खरं आहे. जे चाललं होतं ते चाललंच होतं, थांबेल का ही टोचणी गेली. बायको म्हणते, आता तुमचं वय तुमच्या डोक्याला गाठून राहिलं. पण सासऱ्याच्या त्या अंगणात गेलेली पत मला परत मिळालेली नाही.

मामा, तुम्ही अजून आहात, टोपीही आहे. तुमच्या मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आता कोणाची सोयरीक मोडायची नाही. भाचा चुकला, त्याने मागून पाहिलं नाही, हे मी मान्य करतो आणि त्याची शिक्षा मी भोगली. पण तुम्हाला ठाऊक होतं की मी ते पाहू शकत नाही. आजोबांना शेजारी बसवून तुम्ही टोपीला हात घातला, आणि तुम्हाला ठाऊक होतं. याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते तुम्ही जाणता. सासरा राहिला नाही, पण त्याचा मुलगा त्याच घरात आहे. गाडी मी पाठवतो. त्या अंगणात या, चार माणसांत उभे राहा आणि सांगा: मला खरं ठाऊक असताना मी भाच्याला 'थांबते' का म्हणालो?